नियम मुलांचा की घराचा?

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे गाव २०२२ साली वृत्तपत्रांत झळकले ते एका भोंग्यामुळे. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा आणि तो वाजताच घराघरांतील दूरचित्रवाणी संच व मोबाइल फोन दीड तासासाठी बंद व्हावेत, असे गावाने त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरविले. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा वाजला की ज्याला हवे त्याने ते खुशाल सुरू करावेत. करोनाच्या साथीत शाळा बंद असताना मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, पुस्तकावर त्यांचे चित्त ठरेना, हे शिक्षकांच्या व पालकांच्या ध्यानात आले. त्यातून हा उपाय निघाला. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावीत राहिले आणि गावाने तो पाळून दाखविला.

या वृत्ताकडे एक गमतीदार ग्रामीण प्रयोग म्हणून पाहणे सोपे आहे. कोणाला त्यात सक्तीचा वास येईल, तर कोणी त्यास भाबडेपणा म्हणेल. परंतु या प्रयोगातील खरी महत्त्वाची गोष्ट भोंगा नव्हे, आणि दीड तासही नव्हे. हा नियम मुलांच्या काळजीपोटी जन्मला, पण तो लागू झाला घरातील प्रत्येकाला. मुलाच्या हातातील फोन खाली ठेवला गेला, तेव्हा बापाच्या हातातीलही खाली गेला. आजीची मालिकाही थांबली. मुलाला शिस्त लागावी म्हणून मोठ्यांनी आपल्या सुखाला मुरड घातली. शहरांतील सुशिक्षित घरांत नेमके हेच घडत नाही, आणि म्हणूनच तेथे केलेले नियम आठवडाभरही टिकत नाहीत.

अशा घरातील संध्याकाळ सर्वांच्या परिचयाची आहे. वडील कचेरीतून येतात, चहाचा पेला एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात घेऊन बसतात. आई स्वयंपाक करता करता ओट्यावर टेकवलेल्या फोनवर काहीतरी पाहात असते. मुलगी दहावीत असते आणि ‘नोट्स आल्या आहेत’ म्हणून तिचाही फोन सुरू असतो. धाकट्याने घास घ्यावा म्हणून त्याच्यापुढे हलती चित्रे ठेवलेली असतात. मग कधीतरी परीक्षेचा निकाल लागतो, गुण घसरलेले दिसतात, आणि वडील स्वतःच्या फोनवरची नजर न काढताच गरजतात, ‘उद्यापासून फोन बंद!’ मूल त्या गर्जनेचा जो अर्थ घ्यावयाचा तो घेते. फोन वाईट नाही. तो मोठ्यांना शोभतो, लहानांना नाही, एवढेच त्याला कळते. आणि मोठे होण्याची घाई कोणत्या मुलाला नसते?

फोन मुलाच्या हाती दिला कोणी?

या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, शाळांची दारे बंद झाली आणि शिक्षण चालू राहावे म्हणून वर्ग फोनवर भरू लागले. त्यापूर्वी ‘शाळेत फोन आणू नये’ असे बजावणाऱ्या शाळांनीच ‘फोनवर हजर राहावे’ असे फर्मान काढले. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता त्यांनी उधारउसनवारी करून तो आणला. मुलांनी हट्ट करून ही वस्तू घरात आणली, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. वडिलधाऱ्यांनी ती आणली, त्यांनीच ती त्यांच्या हाती दिली. मात्र देताना तिच्यासोबत द्यावयाची समज देण्यास त्या धामधुमीत कोणाला सवड झाली नाही.

ही समज किती अपुरी राहिली आहे, ते ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालात दिसते. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८० टक्क्यांहून अधिक जणांना तो वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे सुमारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी नकोशा व्यक्तीस रोखावे कसे, हे सुमारे ६२ टक्क्यांना ठाऊक होते. आपले खाते परक्या नजरेपासून खासगी कसे ठेवावे, हे जेमतेम ५५ टक्क्यांना. म्हणजे गाडी जवळजवळ सर्वांना चालविता येते, पण तिचा ब्रेक कोठे आहे हे पुष्कळांना माहीत नाही. ब्रेक दाखविण्याचे काम शाळेचे की घराचे, हा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. ते दोघांचे आहे, आणि दोघांनीही ते बव्हंशी सोडून दिले आहे.

संच आणि सापळा

‘आमच्या वेळी रेडिओ आला तेव्हा लोक असेच ओरडत होते, दूरचित्रवाणी आली तेव्हाही ओरडले, पिढी काही बिघडली नाही,’ असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. प्रत्येक नव्या वस्तूस घाबरणे हा वयस्करांचा जुना छंद आहे. तथापि या तुलनेत एक मोठा फरक निसटतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हा त्याचे कार्यक्रम संध्याकाळच्या काही तासांपुरते असत. संच बैठकीच्या खोलीत असे, शेजारपाजारची मंडळीही तेथेच येऊन बसत, सारे जण एकच कार्यक्रम पाहात आणि तो संपला की उठून जात. जे दिसे ते सर्वांच्या देखत दिसे, आणि त्याला शेवट असे.

फोनला शेवट नाही, आणि तो नाही हा अपघात नव्हे. पानाच्या तळाशी पोचल्यावर ‘पुढे’ असे बटण दाबावे लागे, तोपर्यंत माणसाला थांबण्याची एक संधी मिळत होती. २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने पान कधी संपूच नये, बोट सरकवावे तसे ते पुढे उलगडत जावे, अशी रचना केली. पुढे तिच्या दुष्परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. एक चित्रफीत संपण्यापूर्वीच दुसरी सुरू होणे, दर थोड्या वेळाने लाल ठिपका उमटणे, आपल्या छायाचित्राला किती जणांनी पसंती दिली याचा आकडा डोळ्यांपुढे नाचत राहणे, या साऱ्या योजना पाहणाऱ्याचा वेळ विकून पैसा मिळविणाऱ्या धंद्याच्या गरजेतून आल्या आहेत. चाळिशीतला हिशेबनीस या योजनांपुढे रात्री बारापर्यंत हतबल होतो. बारा वर्षांच्या मुलाने मात्र मनोनिग्रहाने त्यांवर मात करावी, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते? मुलाला ‘तुला संयम नाही’ असे हिणविण्याआधी ज्या यंत्राशी त्याची गाठ आहे ते यंत्र संयम मोडण्यासाठीच घडविले आहे, हे त्याला समजावून सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल. आपल्याला कोणी फसवू पाहते आहे, हे कळले की पौगंडावस्थेतील मुलाचा स्वाभिमान जागा होतो. उपदेशाने तो क्वचितच जागा होतो.

कायद्याची मर्यादा

अशा वेळी सरकारने काहीतरी करावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. जगात तसे प्रयत्न सुरूही झाले आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. या कायद्याची एक बाब नमूद करण्यासारखी आहे. त्यात मुलाला किंवा पालकाला शिक्षा नाही. जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे आणि कसूर झाल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतातही २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आणि मुलांच्या हालचालींवर लक्ष ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यांतील मुख्य बंधने अमलात येण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. २०२५ मध्येच पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला.

हे कायदे आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु कायदा दाराशी येऊन थांबतो. बहुतेक समाजमाध्यमांनी आपल्या सभासदांसाठी १३ वर्षांची अट फार पूर्वीपासून घातलेली आहे. हा १३ चा आकडाही बालमानसशास्त्राने दिलेला नव्हे. त्याहून लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करू नये, असे सांगणाऱ्या १९९८ च्या एका अमेरिकन कायद्यातून तो आला. ही अट असूनही दहा-अकरा वर्षांच्या मुलांची खाती असतात, कारण जन्मसाल खोटे लिहिले की काम भागते. आणि पुष्कळ घरांत ते खोटे साल लिहून देणारा हात आईचा, बापाचा किंवा थोरल्या भावाचा असतो. पालकांच्या संमतीवर उभा राहिलेला कायदा पालकच वाचल्याविना संमतीचे बटण दाबणार असतील, तर काय करू शकेल? कुंपणानेच शेत खाल्ल्यावर राखणदाराला दोष देण्यात हशील नसते. सारांश, सरकारने आपले काम केले तरी घराचे काम शिल्लक राहतेच.

बंदी आणि पाळत

घर हे काम करावयास निघते तेव्हा सामान्यतः दोन वाटांपैकी एक धरते. पहिली वाट संपूर्ण बंदीची. ती सोपी वाटते, कारण तिला विचार लागत नाही. पण ज्या समाजात गृहपाठ, प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, रेल्वेचे तिकीट आणि भाजीचे पैसे हे सारे फोनवरून चालते, त्या समाजात मुलाला फोनपासून सर्वस्वी दूर ठेवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. शिवाय बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मुलाच्या बाबतीत चूक घडली तर चार दिवस ओरडा होतो. मुलीच्या बाबतीत घडली तर फोन कायमचा जातो, कधी कधी शिकवणीही बंद होते आणि लग्नाच्या गोष्टी निघू लागतात. ‘असर’च्या त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असणाऱ्यांत मुलगे पुढे आणि मुली मागे असल्याचे आढळले, ते उगीच नव्हे. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींना अडाणी ठेवावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत नव्या यंत्राबरोबर पुन्हा घरात शिरू पाहते आहे. ज्या घरात बहिणीसाठी एक नियम आणि भावासाठी दुसरा असतो, त्या घराला वस्तुतः नियमच नसतो. असते ती केवळ सत्ता.

दुसरी वाट पाळत ठेवण्याची. मूल झोपल्यावर त्याचा फोन उघडून संदेश वाचावयाचे, किंवा त्याच्या नकळत फोनमध्ये हेर बसवावयाचा. लहान वयात देखरेख हवीच, आणि ती उघडपणे, सांगून ठेवलेली असावी. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची चोरून टेहळणी करण्याने दोन गोष्टी साधतात: मूल आपले खरे व्यवहार दुसऱ्या, अज्ञात खात्यावर नेते, आणि आईबापांवरचा त्याचा विश्वास उडतो. पहिल्या गोष्टीवर कदाचित उपाय सापडेल. दुसरीवर तो सापडणे कठीण.

नियम कसा असावा?

मराठी घराला दैनंदिन नियम अपरिचित नव्हते. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसणे, परवचा म्हणणे, पंगतीत सर्वांची पाने वाढून होईपर्यंत घास न घेणे, हे नियम कोठे लिहून ठेवलेले नव्हते, तरी पाळले जात. त्या व्यवस्थेत धाक होता, अन्याय होता, विशेषतः बायकांच्या वाट्याला तो अधिक होता, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिच्यातील एक गुण घेण्याजोगा आहे: तिचे काही नियम वेळेला आणि जागेला बांधलेले होते, माणसाला नव्हे. दिवा लागला की तो सर्वांसाठी लागे. मोहित्यांच्या वडगावची सात वाजताची वेळ जवळजवळ त्याच दिवेलागणीची आहे.

फोनविषयीचे नियमही असेच थोडे, स्पष्ट आणि वेळेला-जागेला बांधलेले असावेत. जेवणाच्या वेळी कोणाच्याही पानाशेजारी फोन नसावा. रात्री ठरलेल्या वेळी घरातील सर्व फोन एका जागी चार्जिंगला लावावेत; आणि ही जागा अंथरुणापासून दूर असावी. मुंबई-ठाण्याच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात ‘दुसरी खोली’ कोठून आणावयाची, असा प्रश्न येईल. तेथे कपाटाचा वरचा कप्पा पुरतो; मुद्दा अंतराचा नसून सर्वांचे फोन तेथे असण्याचा आहे. गजरासाठी फोन लागतो ही सबब फार प्रचलित आहे. तिच्यावर गजराचे साधे घड्याळ हा स्वस्त उपाय आहे. अगदी लहान मुलांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा घराने पाळावी: एक वर्ष पुरे होईपर्यंत पडदा नकोच, दुसऱ्या वर्षीही बसून पाहण्याची सवय न लावणे बरे, आणि दोन ते चार वर्षे वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला. घास भरविण्यासाठी फोन समोर धरणे ही सोय आईची किंवा आजीची असते, मुलाची नसते, हे कटू असले तरी मान्य करावयास हवे.

काही नियम काळजीचे आहेत, आणि ते मुलाला कारणासह सांगावे लागतात. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही, मित्रालासुद्धा, सांगू नये. गणवेशातील, शाळेची पाटी किंवा घराचा पत्ता दिसेल असे छायाचित्र जाहीर ठिकाणी टाकू नये. ज्याला प्रत्यक्षात पाहिलेले नाही तो फोनवर कितीही गोड बोलला तरी अनोळखीच समजावा. खेळात पैसे भरावयाचे झाले तर आधी घरी विचारावे. हे नियम मोठ्यांनाही तंतोतंत लागू आहेत. घरातील पैसा परक्याच्या हाती घालणारा ओटीपी पुष्कळदा आजोबांनी किंवा वडिलांनीच सांगितलेला असतो. आणि मुलाचे छायाचित्र त्याला न विचारता नातेवाइकांच्या गटावर टाकणारे पालक त्याला खासगीपणाचे धडे कोणत्या तोंडाने देणार? आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, हा न्याय येथेही चुकत नाही.

हे नियम ठरविताना मुलांना बोलावून घ्यावे. दहा वर्षांच्या मुलालाही आपले म्हणणे असते, आणि ज्या ठरावात आपले एक वाक्य आहे तो ठराव मोडताना माणूस थोडा कचरतो. वय वाढेल तशी मोकळीक वाढली पाहिजे. आठवीतल्या मुलीला आणि बारावीतल्या मुलीला एकच बंधन घालणारे घर मोठे होण्याचे बक्षीसच काढून घेते. ‘फोनमधले मुलांना आमच्यापेक्षा अधिक कळते, आम्ही काय नियम करणार?’ असे पुष्कळ पालक विचारतात. मुलांना यंत्र अधिक कळते, हे खरे. पण माणसे पालकांना अधिक कळतात, आणि फसवणूक यंत्र करीत नाही, यंत्राआडचा माणूस करतो. यंत्राची माहिती महाविद्यालयात जाणाऱ्या थोरल्या भावंडाकडून घ्यावी. खाते खासगी कसे ठेवावे, हे वडिलांना मुलाने शिकविले, तर त्यात वडिलांचा मान कमी होत नाही आणि मुलाला नियमामागचा हेतू आपोआप समजतो.

अभयाचे कलम

या सर्वांहून महत्त्वाचा असा एक नियम आहे, आणि तो मुलाने पाळावयाचा नसून आईबापांनी पाळावयाचा आहे. ‘तुझ्या हातून काहीही चूक झाली आणि तू येऊन सांगितलीस, तर त्या सांगण्याबद्दल तुला शिक्षा होणार नाही आणि तुझा फोन काढून घेतला जाणार नाही,’ हे वचन प्रत्येक घराने आपल्या मुलाला शांतपणे, एखाद्या चांगल्या दिवशी, आधीच देऊन ठेवावयास हवे.

याचे महत्त्व कळण्यासाठी गुन्हेगाराची रीत पाहावी. एखादे खाते मैत्रीची विनंती पाठविते. समोर समवयस्क मुलगा किंवा मुलगी असल्याचे भासविले जाते. आठवडा-दोन आठवडे अभ्यास, सिनेमा, घरातील भांडणे अशा गप्पा होतात. मग एखादे छायाचित्र मागितले जाते, मग दुसरे, अधिक नाजूक. ते हाती पडताच स्वर बदलतो: पैसे दे, नाहीतर हे तुझ्या वर्गात, तुझ्या वडिलांना पाठवितो. या क्षणी मुलाच्या मनात दोन भये असतात. एक त्या अनोळखी माणसाचे, आणि दुसरे घराचे. घराचे भय मोठे असेल तर मूल त्या माणसाचे ऐकते. ते आईच्या पर्समधून पैसे काढते, आणखी छायाचित्रे पाठविते, खोटे बोलते, खाणेपिणे सोडते. आणि कधी या कोंडीतून सुटण्याचा असा मार्ग शोधते की ज्यानंतर कोणालाच काही करता येत नाही. गुन्हेगाराचे शस्त्र छायाचित्र हे नव्हेच; ‘घरी कळले तर काय होईल’ ही मुलाच्या मनातील धास्ती हे त्याचे शस्त्र आहे. ते त्याच्या हातातून काढून घेण्याचे सामर्थ्य पोलिसांपेक्षाही आईबापांपाशी अधिक आहे.

मूल सांगावयास येईल तेव्हा काय करावयाचे, तेही माहीत असले पाहिजे. प्रथम त्याला जवळ घ्यावे. ‘असे केलेसच का?’ हा प्रश्न त्या रात्री विचारू नये. पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिलेले पैसे दुसऱ्या मागणीला आमंत्रण ठरतात. संदेश घाबरून पुसून टाकू नयेत. पडद्याची छायाचित्रे, खात्याचे नाव, वेळ हे जपून ठेवावे, कारण तो पुरावा आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. केंद्र शासनाच्या सायबर गुन्हेविषयक संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी अहोरात्र चालू असते. पोक्सो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि तिचा असा वापर करणारा गुन्हेगार आहे. फसलेले मूल हे त्या गुन्ह्यातील पीडित होय, हे कायद्याने मान्य केले आहे. शेजारी काय म्हणतील, या विचारापेक्षा हा कायद्याचा विचार घराने मोठा मानावा.

शाळा आणि कचेरी

घराने हे सर्व ठरविले तरी एक अडचण उरते. घर हे बेट नाही. रात्री नऊ वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर उद्याचा गृहपाठ येत असेल, तर आठ वाजता फोन बाजूला ठेवणारी मुलगी सकाळी वर्गात उभी राहील. साहेबांचा संदेश साडेनऊला येत असेल आणि त्याला ‘होय सर’ असे उत्तर अपेक्षित असेल, तर जेवणाच्या पाटावर बसलेला कारकून फोन दूर कसा ठेवणार? शिक्षकांचीही यात सुटका नाही. शिकविण्याबरोबर वरून मागविलेली माहिती फोनवरून भरून देण्याचे काम त्यांच्या मानगुटीवर बसले आहे आणि त्याला घड्याळ नाही.

म्हणून घराच्या नियमाला शाळेची आणि कचेरीची साथ हवी. ही साथ फार खर्चाची नाही. गृहपाठ वर्गातच, फळ्यावर आणि वहीत दिला जावा. गटावर तो आला तरी शाळा सुटण्याच्या वेळेपर्यंत यावा. पालकसभेत केवळ गुणपत्रिका वाटण्याऐवजी एकदा तरी या विषयावर बोलले जावे, आणि खाते खासगी कसे करावे, तक्रार कोठे करावी, हे विद्यार्थ्यांनीच पालकांना दाखवावे. कचेरीत तातडीचे काम कोणते आणि साहेबांच्या सवयीचे कोणते, याचा एकदा निवाडा व्हावा. तातडीच्या कामाला दूरध्वनीची घंटा पुरेशी असते. बाकीचे सकाळपर्यंत थांबल्याने शासनाचा गाडा अडत नाही.

मोहित्यांच्या वडगावात फोन नष्ट झाले नाहीत, दूरचित्रवाणी संच विहिरीत टाकले गेले नाहीत. साडेआठचा भोंगा वाजल्यावर ज्याचे त्याचे सुख ज्याला त्याला परत मिळावयाचे होते. गावाने मागितले ते फक्त दीड तास, आणि ते मुलांकडून एकट्यांकडून मागितले नाहीत. शहरातील घराला देवळावरचा भोंगा मिळणार नाही. त्याची जागा घरातील कोणीतरी घ्यावी लागेल. ठरलेली वेळ झाली की ज्याचा फोन कपाटावर सर्वांत आधी जाईल, त्याच्याच शब्दाला त्या घरात वजन राहील. तो फोन वडिलांचा असावा, एवढ्यापासून आज रात्री सुरुवात करता येईल.